विसण आणि गीझर : लहान मुलांच्या घरातील ऊन पाणी

मराठी भाषेत स्नानाच्या पाण्याचे वर्णन करणारे शब्द विपुल आहेत. गार, कोमट, ऊन, कडक, कढत आणि अखेरीस आधणाचे, अशी ही चढती श्रेणी घरातील प्रत्येक माणसाला लहानपणापासून परिचित असते. यांपैकी कोणताही शब्द अंशांत मोजलेला नाही. तो हाताला काय वाटते यावरून ठरलेला आहे, आणि हा हात बहुधा प्रौढ माणसाचा, अनेकदा चुलीजवळ काम करून निबर झालेला असतो. प्रौढाच्या हाताने ठरविलेले हे माप दोन वर्षांच्या मुलाच्या अंगाला कितपत लागू पडते, हा या लेखाचा विषय आहे. भाजण्याच्या अपघातांविषयी बोलताना आग, रॉकेल आणि फटाके यांचा विचार प्रथम होतो. तथापि चालू लागलेल्या आणि पाच वर्षांच्या आतील मुलांना होणाऱ्या इजांमध्ये ज्वाळेपेक्षा उकळत्या किंवा कढत द्रवाने पोळण्याचे प्रमाण अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भाजण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे १,८०,००० माणसे मृत्युमुखी पडतात. जी मुले वाचतात त्यांच्यापैकी अनेकांना आखडलेली बोटे आणि वाढत्या वयाबरोबर ताणले जाणारे व्रण आयुष्यभर सोबत करतात.

रायपूरची समता कॉलोनी हे या विषयाचा विचार करण्यास सोयीचे ठिकाण आहे. छत्तीसगडवर अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला आणि १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तरी त्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथेच राहिली. पुढे नोकरी-व्यवसायासाठी आलेल्या कुटुंबांची त्यांत भर पडली. तात्यापारा हा शहराचा जुना भाग तसेच समता कॉलोनीला लागून असलेली चौबे कॉलोनी येथे मराठी बोलणे आजही कानावर पडते. महाराष्ट्र मंडळाची वास्तूही चौबे कॉलोनीतच आहे. येथील हवामान टोकाचे आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरी १३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि काही रात्री ते १० अंशांच्याही खाली उतरते. मे महिन्यात दुपारी ते ४२ अंशांवर जाते. म्हणजे ज्या नळाचे पाणी जानेवारीत अंगावर शहारा आणते, त्याच नळातून मे महिन्यात दुपारी हात मागे घ्यावा असे पाणी येते. पाणी तापविण्याचे साधन मात्र वर्षभर एकाच खुणेवर ठेवलेले असते. या विसंगतीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

गीझर येण्यापूर्वी मराठी घरांतून न्हाणीतील चुलवणावर हंडा चढविलेला असे किंवा तांब्याचा बंब पेटविलेला असे. बंबाची रचना विलक्षण सुटसुटीत होती. उभ्या पिंपाच्या मध्यातून एक नळकांडे जाई. त्यात कोळसे, ढलप्या, शेणी किंवा नारळाच्या करवंट्या जळत आणि सभोवतालचे पाणी तापे. कित्येक बंबांत वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतले की ते तळाशी जाऊन वरचे तापलेले पाणी तोटीतून बाहेर ढकलले जाई. आजचा साठवण-गीझर नेमक्या याच तत्त्वावर चालतो : गार पाणी तळाशी येते आणि हलके झालेले ऊन पाणी वरच्या नळीतून निघते. बंबातील पाण्याला कोणतीही मर्यादा नव्हती. इंधन जळत राहिले तर ते उकळत असे. परंतु हे पाणी कोणीही थेट अंगावर घेत नसे. ते प्रथम घंगाळात किंवा बादलीत पडे आणि मग त्यात गार पाण्याचे विसण घातले जाई. विसणाचा तांब्या हाताशी नसेल तर न्हाणारा माणूस आतून ओरडून तो मागवी. तापविण्याची जागा आणि न्हाण्याची जागा यांच्यामध्ये विसणाचा एक टप्पा होता आणि तो चुकविता येत नसे.

त्या काळाचे गुणगान करण्याचे मात्र कारण नाही. बंबाचे अंग तापलेले असे, त्याच्या तळातून निखारे गळत, आणि कढत पाण्याचे घंगाळ विसणाची वाट पाहत जमिनीवर उघडे राही. रांगत्या मुलाला ते हाताच्या अंतरावर सापडत असे. परंपरेचा क्रम आधी ऊन पाणी आणि नंतर गार असा होता. या क्रमातच अपघाताची फट होती. मुलांसाठी हा क्रम उलटा केला पाहिजे : बादलीत आधी गार पाणी आणि त्यात ऊन पाण्याची भर. असे केल्याने बादलीतील पाणी कोणत्याही क्षणी अपेक्षित उष्णतेपेक्षा अधिक ऊन नसते.

गीझर आल्यावर धूर गेला, राख गेली, पहाटे उठून बंब पेटविण्याचे कष्ट गेले. त्याबरोबर विसणाचा टप्पाही पुष्कळ घरांतून नाहीसा झाला. भिंतीवरच्या तोटीतून तापलेले पाणी सरळ येऊ लागले आणि ती तोटी फिरविण्यास लागणारे बळ तीन वर्षांच्या मुलाच्या हातातही असते. एका दांड्याने गार व ऊन पाणी मिसळणाऱ्या आधुनिक तोटीला तर बळही लागत नाही. मुलाने धरून उभे राहण्याचा प्रयत्न केला तरी ती फिरते.

कढत पाण्याने त्वचेला किती इजा होते हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : पाण्याचे तापमान आणि संपर्काचा वेळ. या दोहोंचा नेमका संबंध अमेरिकेतील मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून प्रथम स्पष्ट झाला. त्यांना असे आढळले की ४४ अंशांच्या पाण्याने प्रौढाची त्वचा भाजण्यास सुमारे ६ तास लागतात. ४९ अंशांना हा अवधी काही मिनिटांवर येतो; ५५ अंशांना तो अर्ध्या मिनिटाच्या जवळपास, ६० अंशांना सुमारे ५ सेकंद आणि ७० अंशांना जेमतेम एक सेकंद उरतो. ४४ ते ५१ अंशांच्या दरम्यान तर प्रत्येक एका अंशाच्या वाढीबरोबर हा अवधी जवळजवळ निम्मा होत जातो. हे लक्षात घेणे अगत्याचे आहे, कारण तापमानाचे अंश एकेकाने वाढत असले तरी धोका त्याच बेताने वाढत नाही. ४० आणि ४५ यांमधील पाच अंश हा बहुधा सुखाचा प्रश्न असतो. ५५ आणि ६० यांमधील तेच पाच अंश हा त्वचा राहते की जाते याचा प्रश्न होतो.

हे आकडे प्रौढांचे आहेत. लहान मुलाची त्वचा पातळ असते, म्हणून त्याच तापमानाला त्याच खोलीची इजा होण्यास साधारणपणे एक-चतुर्थांश वेळ पुरतो असे धरतात. ६० अंशांचे पाणी म्हणजे मुलाच्या बाबतीत सुमारे एक सेकंद. एका सेकंदात प्रौढ माणूस हात मागे घेतो. मूल मात्र पुष्कळदा आहे तेथेच राहते. ते घाबरते, किंचाळते, तोटी बंद कोणत्या दिशेने होते हे त्याला ठाऊक नसते, आणि घंगाळात किंवा टबात बसलेले असेल तर त्याला उठूनही बाहेर पडता येत नाही. शिवाय शरीराच्या वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्र मोठे असते. प्रौढाच्या पायावर सांडलेले तांब्याभर पाणी मुलाच्या अंगावर छाती-पोट व्यापते. शरीराच्या दहाव्या भागाहून अधिक त्वचा भाजली तर मुलाच्या रक्तातील द्रव झपाट्याने कमी होतो आणि ते भरून काढण्यासाठी रुग्णालयात शिरेतून द्रव द्यावा लागतो. मुलाचा स्वतःचा तळवा बोटांसह मोजला तर तो त्याच्या शरीराच्या सुमारे एक टक्का असतो. हे घरच्या घरी वापरण्याजोगे एक विश्वसनीय माप आहे.

पाण्यात हात घालून पाहण्याची रीत सर्वत्र आहे आणि ती टाकून देण्याचे कारण नाही. तिच्या मर्यादा मात्र ओळखल्या पाहिजेत. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले होते की एक हात तापलेला आणि दुसरा गारठलेला असेल तर एकच पाणी एका हाताला गार व दुसऱ्याला ऊन लागते. त्वचा तापमान मोजत नाही, स्वतःशी असलेला फरक मोजते. पोळ्या भाजून उठलेल्या आईचा हात ज्या पाण्याला कोमट म्हणेल ते तिच्या मुलाला कोमट नसेल. वेदनेची सूचनाही ठराविक उंबरठ्यापाशीच मिळते. सुमारे ४३ अंशांच्या वर जागे होणारे एक ग्राहक-प्रथिन चेतातंतूंच्या टोकांवर असते. त्याचा शोध डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेत १९९७ साली लागला आणि २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाचा तो एक आधार ठरला. मिरचीतील तिखटपणाचे द्रव्यही याच ग्राहकाला जागे करते. ठेच्याने तोंड भाजले असे जे म्हटले जाते ते शरीराच्या दृष्टीने अगदीच चुकीचे नाही. परंतु रोज कढत पाण्यात, गरम भांड्यांत वावरणाऱ्या हाताची कातडी जाड होते आणि तिला ही सूचना उशिरा मिळते. म्हणून तळहाताऐवजी कोपराने किंवा मनगटाच्या आतल्या अंगाने पाणी पाहावे. पाणी पाहण्यापूर्वी ते हाताने तळापासून ढवळावे, कारण न ढवळलेल्या बादलीत ऊन पाणी वरच्या थरात राहते. अंगावर घालण्याचे पाणी ३७ ते ३८ अंशांचे, म्हणजे शरीराच्या तापमानाइतके असावे. कोपराला ते ऊनही लागत नाही आणि गारही लागत नाही. ज्येष्ठ मंडळींना असे पाणी निवलेले वाटते आणि अशा पाण्याने बाळाला सर्दी होईल अशी शंका ती बोलून दाखवितात. सर्दी विषाणूंमुळे होते. बाळाला गारठा लागतो तो पाण्यामुळे नसून न्हाऊन झाल्यावर ओल्या अंगाने उघडे राहिल्यामुळे, तेव्हा कोरडे पंचे आधीच उलगडून ठेवणे हा त्यावरील खरा उपाय होय.

मग गीझरच ४० अंशांवर का ठेवू नये, असा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर एका वेगळ्याच आजारात आहे. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांच्या मेळाव्याला आलेल्या अनेकांना न्यूमोनियासारखा आजार होऊन कित्येक जण दगावले. पुढील वर्षी त्याला कारणीभूत असलेला जीवाणू सापडला आणि त्याला लीजिओनेला हे नाव मिळाले. हा जीवाणू पाण्यात वाढतो, विशेषतः २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात. ५० अंशांच्या वर त्याची वाढ थांबते आणि ६० अंशांना तो काही मिनिटांत मरू लागतो. पाणी पिऊन तो सहसा बाधत नाही. फवाऱ्याच्या सूक्ष्म तुषारांतून तो फुप्फुसात जातो आणि वृद्ध, धूम्रपान करणारे व प्रतिकारशक्ती क्षीण झालेले यांना गाठतो. घरातील नातवाच्या दृष्टीने टाकीतले पाणी जितके निवलेले तितके बरे. आजोबांच्या दृष्टीने ते तापलेले हवे. पंधरा लिटरचा गीझर रोज रिकामा होऊन पुन्हा भरत असेल तर ही चिंता फारशी नसते. गच्चीवरील सौर संयंत्राची दोनशे लिटरची टाकी, सुटीत पंधरा दिवस बंद राहिलेले घर किंवा क्वचित वापरातील पाहुण्यांचे न्हाणीघर येथे ती खरी असते.

या पेचातून वाट एकच आहे : साठवणीचे तापमान आणि अंगावरचे तापमान ही दोन वेगळी मापे मानणे. टाकीत ६० अंश, अंगावर ३७ ते ३८ अंश, आणि या दोहोंच्या मध्ये जुन्या न्हाणीतल्याप्रमाणे विसण. हे विसण आता यंत्रानेही घालता येते. तापनियंत्रित मिश्रण-झडप नावाचे एक लहानसे साधन नळाच्या अलीकडे बसविले की ते गार व ऊन पाणी ठरविलेल्या प्रमाणात मिसळते, आणि गार पाणी अकस्मात बंद पडले तर ऊन पाण्याची वाटही बंद करते. हा दुसरा गुण भारतीय घरांत विशेष मोलाचा आहे. गच्चीवरील टाकी संपून गार पाण्याची धार मध्येच खंडित होणे हा येथे नित्याचा अनुभव आहे, आणि ज्या घरात गीझरला व गार नळाला वेगवेगळ्या नळ्यांतून पाणी येते तेथे अशा वेळी तोटीतून केवळ कढत पाणी येत राहू शकते. ही झडप काही वर्षांनी क्षारांनी जाम होते, म्हणून तिची तपासणी मधून मधून करावी लागते.

कायद्याने हे साधता येते काय, याचाही अनुभव जगात आहे. सिअ‍ॅटल येथील केनेथ फेल्डमन व त्यांचे सहकारी यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बहुतांश घरांतील नळाचे पाणी ५४ अंशांहून अधिक तापलेले आढळले होते. त्यानंतर १९८३ साली वॉशिंग्टन राज्याने नवे जलतापक ४९ अंशांवर लावूनच विकले जावेत असा कायदा केला. कोणालाही दंड न करता, केवळ कारखान्यातील खूण बदलून, पुढील काही वर्षांत नळाच्या पाण्याने पोळलेल्या मुलांचे प्रमाण घटल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. माणसे खूण सहसा बदलत नाहीत. ती जशी येते तशीच राहते. हीच प्रवृत्ती धोक्याच्या बाजूनेही काम करते आणि ७० अंशांवर लावून आलेला गीझर दहा वर्षे ७० अंशांवर चालतो. इंग्लंडमध्ये २०१० पासून नव्या घरांतील टबाच्या नळाला येणारे पाणी ४८ अंशांपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे.

भारतीय मानक संस्थेच्या आय.एस. २०८२ या मानकात साठवण-गीझरच्या सुरक्षेच्या अटी दिल्या आहेत. चांगल्या गीझरमध्ये थर्मोस्टॅट म्हणजे तापस्थापक असतो, तो बिघडल्यास वीज तोडणारे दुसरे साधन असते आणि दाब वाढल्यास पाणी सोडून देणारी झडप असते. तापमानाची खूण काही गीझरांवर बाहेर फिरत्या चकतीच्या रूपाने असते, काहींत ती झाकणाखाली असते. झाकणाखालची खूण वीजतंत्र्याकडूनच बदलून घ्यावी. नळाचे पाणी प्रत्यक्षात किती तापलेले येते हे कळण्यासाठी तापमापक लागतो. गीझर पूर्ण तापून दिवा विझल्यानंतर ऊन पाण्याची तोटी मिनिटभर सोडावी, जाड पेल्यात पाणी धरावे आणि तापमापक बुडवून पाहावा. ज्वर पाहण्याचा तापमापक येथे चालत नाही. त्याची मोजणी ४२ अंशांच्या आसपास संपते. चकतीवरील आकडा आणि तापमापकावरील आकडा यांत पाच-सात अंशांचा फरक पडला तर नवल मानू नये.

आणखी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. न्हाणीघरात शिरण्यापूर्वी गीझरचे बटण बंद करण्याची सवय चांगली आहे, परंतु ती विजेच्या धक्क्यापासून वाचविते, कढत पाण्यापासून नव्हे. टाकीच्या भोवती उष्णतारोधक आवरण असते आणि बटण बंद केल्यानंतर कित्येक तास पाणी पोळण्याइतके तापलेले राहते. सकाळी दहा वाजता एकटेच न्हाणीघरात शिरलेल्या मुलाला बंद बटणाचा काही उपयोग नाही. त्याच्यासाठी न्हाणीघराच्या दाराला बाहेरून उंचावर लावलेली कडी अधिक उपयोगाची.

विसणाच्या प्रमाणाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. जानेवारीत रायपूरच्या नळाचे पाणी १८ अंश आणि गीझरचे ६० अंश धरले, तर निम्मे गार व निम्मे ऊन मिळून ३९ अंशांचे पाणी होते. गार पाणी किंचित अधिक घातले की ते मुलाला योग्य. निम्मे-निम्मे हे प्रमाण हाताला बसते. मार्चमध्ये नळाचे पाणी २८ अंशांवर गेले की त्याच हाताने, त्याच प्रमाणात केलेले मिश्रण ४४ अंश होते. आणि गीझर ७५ अंशांवर लावलेला असेल तर ते ५१ अंशांच्या वर जाते, जे मुलाच्या अंगाला काही क्षणांपलीकडे सोसणारे नाही. येथे कोणाचीही बेपर्वाई घडलेली नाही. फक्त ऋतू बदलला आणि सवय बदलली नाही. होळीनंतर गीझरची खूण पुन्हा पाहणे, आणि गच्चीवरील काळ्या टाकीचे व उन्हात पडलेल्या नळ्यांचे पाणी मे महिन्यात दुपारी मुलांच्या अंगावर एकदम न सोडणे, ही सावधगिरी या प्रदेशात तरी अनाठायी ठरणार नाही. बागेतील रबरी नळीत साचलेले पाणी तर चटका बसण्याइतके तापते. पहिली धार जमिनीवर सोडून द्यावी.

बादलीत सोडण्याचा विजेचा रॉड अजून अनेक घरांत आहे, आणि वर वर्णिलेल्या सर्व साधनांत लहान मुलांच्या दृष्टीने तो सर्वांत वाईट आहे. त्याला बहुधा तापस्थापक नसतो. दीड किलोवॉटचा रॉड वीस लिटर पाण्याचे तापमान दर मिनिटाला सुमारे एका अंशाने वाढवितो. १८ अंशांचे पाणी पाऊण तासाच्या आत ६० अंशांवर येते आणि कोणी विसरले तर ते चढतच राहते. यातले काहीही बादलीकडे पाहून कळत नाही. ती जमिनीवर असते, तिच्या काठावर ओढता येईल अशी दोरी लोंबते, आणि त्या दोरीत वीज असते. ज्या घरात रांगते मूल आहे तेथे रॉड वापरूच नये, हेच म्हणणे योग्य. ज्यांना पर्याय नाही त्यांनी बादली दाराआड, कडी लावून ठेवावी. सौर संयंत्राची अडचण वेगळी आहे. त्यालाही वरची मर्यादा नसते. निरभ्र दिवशी दुपारनंतर त्याचे पाणी ६० अंशांच्या पुष्कळ पुढे जाऊ शकते, आणि चार वाजता शाळेतून आलेल्या मुलाच्या वाट्याला तेच येते. मिश्रण-झडपेची सर्वाधिक गरज म्हणूनच सौर संयंत्राला आहे. गॅसच्या गीझरचा धोका पाण्यापेक्षा हवेचा आहे : बंद न्हाणीघरात त्यापासून कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू साठतो. तो गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसविला पाहिजे.

खोली उबदार ठेवण्याच्या बाबतीतही हीच गोष्ट. छत्तीसगडच्या खेड्यांत थंडीत गोरसी पेटते, मराठी घरांत बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची चाल होती. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत तोच विषारी वायू सोडते. धुरी देण्याच्या चालीबद्दल डॉक्टर आता नापसंती व्यक्त करतात ती नवजात अर्भकाच्या फुप्फुसांसाठी. खोलीची दारे-खिडक्या वाऱ्याच्या बाजूने लावून, बाळाला आईच्या अंगाशी धरून जी ऊब मिळते ती निखाऱ्यांच्या उबेपेक्षा सुरक्षित असते.

रायपूर असो की पुणे, आज अनेक घरांतील आजी-आजोबा मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला जातात आणि तेथे त्यांची गाठ एका अपरिचित यंत्राशी पडते. तेथील बहुतेक घरांत गॅसचा बॉयलर असतो. त्यावर बहुधा दोन खुणा असतात, एका तोटीच्या चित्राची आणि दुसरी भिंतीवरील पन्हळीदार पत्र्याची, म्हणजे रेडिएटरची. पहिली नळाच्या पाण्याची व दुसरी रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्याची. बॉयलर मागणीसरशी पाणी तापविणारा असेल, म्हणजे घरात ऊन पाण्याची टाकीच नसेल, तर साठवणीचा प्रश्न उद्भवत नाही आणि पहिली खूण ४८ ते ५० अंशांवर ठेवता येते. टाकी असेल तर तिच्यात ६० अंशच हवेत आणि टबाच्या नळाला मिश्रण-झडप हवी. रेडिएटरचे पाणी जुन्या रिवाजाप्रमाणे ७० ते ८० अंशांवर ठेवलेले असते, आणि पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो. रुग्णालये व तत्सम ठिकाणी तेथे पृष्ठभागाचे तापमान ४३ अंशांपलीकडे जाऊ नये अशी दक्षता घेतात; घराला तसा नियम नाही. टाकी नसलेल्या घरात हे पाणी ५५ ते ६० अंशांवर आणले तर पत्रा सौम्य होतो आणि गॅसही वाचतो, कारण बॉयलरकडे परतणारे पाणी जितके निवलेले तितकी धुरातील वाफेची उष्णता अधिक परत मिळते. टाकी असेल आणि ती त्याच फेऱ्यातील पाण्याने तापत असेल तर मात्र ते ६० अंशांच्या वरच ठेवावे लागते. रेडिएटरच्या बाजूला असलेल्या झडपेवरील १ ते ५ हे आकडे पुष्कळांना फसवितात. ते खोलीच्या उबेचे आकडे आहेत, पत्र्याच्या तापमानाचे नव्हेत. ३ या आकड्यावर ठेवलेला पत्राही खोली गार असताना पूर्ण तापतो. पाळणा त्यापासून दूर ठेवणे आणि उभे राहू लागलेल्या मुलासाठी त्याला लाकडी जाळीचे आवरण घालणे एवढेच करण्यासारखे उरते. तेथील आरोग्यसेविका बाळाची खोली १६ ते २० अंशांवर ठेवण्यास सांगतात तेव्हा भारतातून गेलेल्या आजीला ते निर्दयपणाचे वाटते. परंतु दुपट्यांत गुंडाळलेल्या बाळाला अति ऊब होणे हे झोपेतील आकस्मिक मृत्यूच्या कारणांशी निगडित आहे, म्हणून त्या सल्ल्यावर हसू नये.

एवढी काळजी घेऊनही अपघात घडलाच, तर पहिली वीस मिनिटे महत्त्वाची असतात. मुलाला कढत पाण्यापासून दूर करावे. भिजलेले कपडे लगेच काढावेत, कारण त्यांत उष्णता धरून राहते. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नये. वाळे, मनगट्या, अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. पोळलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटे धरावा. घड्याळ पाहूनच, कारण रडणाऱ्या मुलाला धरलेल्या माणसाला पाच मिनिटेही वीस वाटतात. बर्फ लावू नये. त्याने त्वचेचा रक्तपुरवठा आखडतो आणि इजा खोल जाते. हळद, तूप, शाई, दंतमंजन, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावू नये. त्याने उष्णता आत कोंडते, संसर्गाला वाट मिळते, आणि डॉक्टरांना जखम पाहण्यापूर्वी ती खरवडून काढावी लागते. त्या वेळच्या वेदना पोळण्याच्या वेदनांहून कमी नसतात. मुलाचे उरलेले अंग कोरड्या कपड्याने झाकून ऊब ठेवावी. जखमेवर धुतलेले सुती वस्त्र सैल पांघरावे, फोड फोडू नयेत. चेहरा, हात, पाय, गुप्तांग किंवा सांधा यांवर इजा असेल, ती मुलाच्या तळव्याहून मोठी असेल, किंवा मूल वर्षाच्या आतले असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. छत्तीसगडमध्ये आणि महाराष्ट्रातही रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. अपघाताच्या वेळी घरात पाणी नव्हते, किंवा गडबडीत गार पाणी ओतायचे राहून गेले, असे झाले तरी ते नंतर करण्यात अर्थ असतो : पोळल्यापासून तीन तासांपर्यंत गार पाण्याचा उपयोग होतो.